भिंतीवरून कागदावर

एखाद्या कलावंताचा ‘शोध लागला’ असें आपण सहज म्हणून जातों. वास्तविक शोध लागतो तो हरवलेल्या वस्तूचा, अथवा जी कोणासच ठाऊक नव्हती अशा वस्तूचा. परंतु जिनें आपल्या गांवांतील किती तरी लग्नांच्या भिंती रंगविल्या, आणि जिला तिच्या पंचक्रोशींतील पोरेंबाळेंही ओळखतात, अशा बाईचा शोध लागला म्हणजे नेमकें काय झालें, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गेल्या नव्वद वर्षांत आपल्या देशांत असे तीन मोठे शोध लागले. पहिला मिथिलेंत, दुसरा आपल्या डहाणूच्या डोंगरांत, आणि तिसरा नर्मदेच्या उगमाच्या बाजूस गोंडांच्या मुलखांत. ह्यांपैकीं पहिल्या दोहोंशीं एका मराठी चित्रकाराचा निकटचा संबंध आहे, आणि त्याचें नांव आज फारसें कोणाच्या तोंडीं नाहीं. म्हणून ही हकीकत थोडी विस्तारानें सांगावी असें मनांत आलें.

आरंभ मिथिलेपासून करावा लागतो. १५ जानेवारी १९३४ रोजीं दुपारीं बिहार व नेपाळ ह्या प्रदेशांत प्रचंड भूकंप झाला. मधुबनीच्या बाजूस त्या वेळीं विल्यम आर्चर नांवाचा एक तरुण इंग्रज मुलकी अधिकारी होता. पडझडीची पाहणी करीत तो गांवोगांव हिंडला, तेव्हां त्याला जें दिसलें तें एरवीं कोणाही परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडणें शक्य नव्हतें. बाहेरच्या भिंती ढासळून आंतल्या भिंती उघड्या झाल्या होत्या, आणि त्यांवर कमळें, बांबू, मासे, कासवें, पोपट, देवदेवता अशीं चित्रें होतीं. ह्यांपैकीं मुख्य चित्रें ‘कोहबर’ घरांतलीं, म्हणजे नवपरिणीत जोडप्यासाठीं सजविलेल्या खोलींतलीं. आणि तीं सर्व घरच्या स्त्रियांच्या हातचीं. आर्चरनें पुढें त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १९४९ सालीं मुल्कराज आनंदांच्या ‘मार्ग’ ह्या मुंबईच्या त्रैमासिकांत मैथिल चित्रकलेवर लेख लिहिला. हीं चित्रें पाहून त्याला पॉल क्ले व मिरो ह्यांची आठवण झाली. आर्चरची रसिकता खरी होती ह्यांत शंका नाहीं. पण आपली वस्तु चांगली कां, तर ती पॅरिसच्या वस्तूसारखी दिसते म्हणून, ही स्तुति आपल्या लोकांनींही त्यानंतर इतक्या वेळां केली आहे कीं तिचा आतां थोडा कंटाळा येतो. असो. आर्चरला शोध लागला तो एका शैलीचा. माणसाचा शोध अद्याप लागावयाचा होता.

त्यासाठीं दुसरी एक आपत्ति यावी लागली. १९६६-६७ सालीं बिहारांत अवर्षण पडलें. शेतांत काम नाहीं आणि घरांत धान्य नाहीं, अशा वेळीं मिथिलेंतल्या बायकांनीं भिंतीवरचीं चित्रें कागदावर उतरावींत आणि तीं विकून त्यांच्या हातीं कांहीं पैसे यावेत, अशी योजना अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळानें आंखली. तिच्यामागें पुपुल जयकर ह्यांची प्रेरणा होती. ती पार पाडण्याकरितां जे गृहस्थ पाठविण्यांत आले ते मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. हातकागदाचे ताव घेऊन कुलकर्णी मधुबनीच्या परिसरांतील खेड्यांतून फिरले. आपल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडतात; तेथें खडी फोडण्याऐवजीं चित्रें काढावयाचीं, एवढाच फरक. कलेच्या इतिहासांत ह्या गोष्टीचें वर्णन मोठ्या शब्दांनीं केलेलें आढळतें, पण मूळ हेतु पोट भरण्याचा होता, हें विसरूं नये. आणि त्यांत कमीपणा मानण्याचेंही कांहीं कारण नाहीं.

कागद ही वस्तु दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु भिंत सोडून चित्र कागदावर आलें कीं पुष्कळ गोष्टी मुकाट्यानें बदलतात. भिंतीवरचें चित्र घरांतल्या चार-सहा जणी मिळून काढतात. जाणती बाई रेघ धरते, बाकीच्या रंग भरतात. तें कोपऱ्याशीं वळून दुसऱ्या भिंतीवर जातें. त्याला किंमत नसते, मालक नसतो, सही नसते. लग्न उरकलें, पुढच्या सणाला भिंत सारवली, कीं तें जातें, आणि गेल्याचें कोणाला दुःख होत नाहीं. कारण तें पुन्हां काढतां येतें, किंबहुना पुन्हां काढणें हेंच त्याचें प्रयोजन. कागद एकीच्या मांडीवर मावतो. त्याला चार कडा असतात, आणि त्या कडांच्या आंत सारें बसवावें लागतें. तो गांवाबाहेर जातो. आणि जो गांवाबाहेर जातो त्यावर कोणाचें तरी नांव घालावेंच लागतें. अशा रीतीनें सासरीं जिला अमक्याची सून एवढीच ओळख होती, तिला आपलें नांव लिहावयाची पाळी आली. जगदंबा देवी ह्यांस १९७५ सालीं, सीता देवी ह्यांस १९८१ सालीं आणि गंगा देवी ह्यांस १९८४ सालीं ‘पद्मश्री’ मिळाली. त्या पंधरा-सतरा वर्षांत मिथिलेच्या घरांतून केवढी उलथापालथ झाली असेल, ह्याची कल्पना ह्या नुसत्या सालांवरून यावयाची नाहीं.

ह्या तिघींत गंगा देवींची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. त्या कायस्थ घराण्यांतल्या, म्हणून त्यांचा भर रंगापेक्षां रेघेवर. आणि ती रेघ इतकी बारीक कीं दोन रेघांमधील जागा हीच रंगाचें काम करी. पतीनें टाकल्यामुळें चित्रकला हाच त्यांचा आधार झाला. कोहबरांतील ठरलेल्या आकृति ओलांडून त्यांनीं रामायण काढलें, माणसाचें जन्मापासूनचें आयुष्य काढलें. अमेरिकेंतील भारतमहोत्सवासाठीं त्या गेल्या, तेव्हां तेथें पाहिलेले उंच स्तंभ आणि जत्रेंतली उलटीसुलटी धांवणारी गाडीही त्यांनीं त्याच कायस्थी रेघेनें लिहून काढली. पुढें त्यांस कर्करोग झाला. रुग्णालयांतील खाटा, डॉक्टर, आपला प्रवास, आपलें दुखणें ह्यांचीही त्यांनीं चित्रें केलीं. लग्नाच्या खोलीसाठीं घडलेली चित्रभाषा मरणाच्या खोलीबद्दलही बोलूं शकते, हें त्यांच्यापूर्वीं कोणी करून दाखविलें होतें असें वाटत नाहीं. उपचार चालू असतांनाच दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयांत त्यांनीं एक संपूर्ण कोहबर घर रंगविलें, आणि १९९१ सालीं त्या वारल्या.

तें कोहबर घर आज नाहीं. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणांत तें पाडलें गेलें. मिथिलेंत दरवर्षीं किती तरी कोहबर पुसले जातात, मग ह्या एकाबद्दल एवढी हळहळ कां, असें कोणी विचारील. हळहळ अशासाठीं, कीं हें पुन्हां काढावयास गंगा देवी राहिल्या नव्हत्या. कागदानें त्यांना नांव दिलें, आणि नांव असलेल्या माणसाची भिंत ही नुसती भिंत राहत नाहीं. आतां तिचीं छायाचित्रें तेवढीं उरलीं.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. कागदाचे ताव आरंभीं बहुतेक ब्राह्मण व कायस्थ आळींत गेले. दुसाध ह्या अस्पृश्य मानलेल्या जातीच्या स्त्रियांना आपल्या चित्रांची वाट सांपडली ती नंतर, १९७० नंतरच्या दशकांत. एरिका मोझर नांवाच्या एका जर्मन विदुषीनें त्यांना कागदावर काढावयास उत्तेजन दिलें. आणि त्यांनीं उच्चवर्णीयांचे कोहबर न उचलतां आपल्या अंगावरच्या गोंदणांतल्या आकृति कागदावर मांडल्या, आपल्या राजा सलहेसाची कथा काढली, कागदाला शेणाच्या पाण्याचा हात दिला. शोधकाची नजर कोणत्या आळींत आधीं शिरते, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मिथिलेहून आलेले भास्कर कुलकर्णी १९७० नंतर लौकरच डहाणूच्या बाजूस वारल्यांच्या पाड्यांवर गेले आणि त्यांच्यांत राहिले. हा मुलूख तेव्हां ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत आहे. मुंबईहून तो जेमतेम शंभर-सवाशें किलोमीटर, म्हणजे आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर. मुंबईंत पाश्चात्य धर्तीचें कलाशिक्षण देणारी शाळा १८५७ पासून चालू आहे. पण ह्या भिंतींची वार्ता मुंबईच्या चित्रशाळांना लागण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें लागलीं. पॅरिस जवळ आणि डहाणू दूर, असा हा आपला भूगोल होता.

वारल्यांच्या लग्नांत भिंतीवर ‘चौक’ लिहितात. लिहितात हाच शब्द ते वापरतात. मिथिलेंतही चित्र लिहिण्याचीच भाषा आहे, आणि जुन्या मराठींतही चित्र लिहीत असत. आपण तें ‘काढूं’ लागलों हें अलीकडचें. शेणानें व गेरूनें सारवलेली भिंत, तांदुळाच्या पिठाचें पांढरें पाणी, आणि टोंक ठेंचून मऊ केलेली बांबूची काडी, एवढीच सामग्री. चौकटीच्या मध्यभागीं पालघट देवी. शेजारीं घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. भोंवतीं झाडें, जनावरें, तारपा वाजविणाऱ्याच्या भोंवतीं फेर धरलेलीं माणसें. माणूस म्हणजे टोंकाला टोंक लावून ठेवलेले दोन त्रिकोण. पण ह्या दोन त्रिकोणांत कंबर लवते, ओझें पेलतें, नाच होतो. चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा, आणि गाण्यांनीं देवांना बोलावणारी धवलेरी हीही स्त्रीच. चौक नाहीं तर लग्न नाहीं, असा त्याचा मान.

असें असून कागदावर जें पहिलें मोठें नांव झालें तें एका पुरुषाचें, गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे ह्यांचें. लहानपणीं आई गेल्यावर ते बोलेनासे झाले, आणि धुळींत चित्रें काढून आपलें मनोगत सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. म्हसे लग्नाच्या चौकापुरते थांबले नाहींत. विधीच्या बंधनांतून सुटलेली रेघ त्यांनीं पाहिजे तेथें नेली. त्यांच्या एका प्रसिद्ध विषयांत मासे धरण्याचें जाळें आहे. अतिशय सूक्ष्म रेघांनीं विणलेलें तें जाळें सबंध चित्रपट व्यापून टाकतें, आणि तें पाण्यावर पडतांनाचा झोल पाहणाऱ्यास क्षणभर खरा वाटतो. शेण फांसलेला कागद, पुढें कापड, पिठाच्या जागीं डिंक घातलेला पांढरा रंग, असें साहित्यही बदलत गेलें. १९७५ सालीं मुंबईंत केकू गांधींच्या केमोल्ड कलादालनांत त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें. पुढें १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, आणि २०११ सालीं ‘पद्मश्री’. २००३ सालीं जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथें रिचर्ड लाँग ह्या इंग्रज कलावंताच्या जोडीनें त्यांचीं चित्रें मांडलीं गेलीं. लाँग हे डोंगरदऱ्यांतून पायीं चालतात आणि माती व दगड ह्यांचीं वर्तुळें, रेघा रचतात. तेव्हां ही जोडी कोणी तरी विचार करूनच जमविली होती. १५ मे २०१८ रोजीं म्हसे वारले.

सवाशिणींचें काय झालें? पुरुषांनीं काडी हातीं घेतली आणि धंदा वाढला. आज वारली आकृति साड्यांवर, पेल्यांवर, सरकारी भिंतींवर, शहरांतल्या उपाहारगृहांत सर्वत्र दिसतात, आणि त्यांतील पुष्कळशा वारल्यांनीं काढलेल्याही नसतात. दोन त्रिकोण जोडणें कोणासही येतें, हेंच ह्या कलेचें दुर्दैव ठरलें. म्हसे ह्यांच्या रेघेंतला श्वास मात्र त्या पेल्यांवर उतरत नाहीं. कुलकर्ण्यांविषयीं तर काय बोलावें! दोन प्रदेशांतल्या कलावंतांच्या हातीं ज्यानें कागद दिला, त्याच्या स्वतःच्या चित्रांविषयीं मराठींत सहजासहजीं कांहीं वाचावयास मिळत नाहीं. दुसऱ्याचें नांव उजेडांत आणण्याचें काम करणाऱ्यानें आपलें नांव कोठें नोंदवावें, ह्याची सोय कोणत्याच दप्तरांत नसते.

तिसरा शोध ह्या दोहोंहून निराळा आहे, कारण त्यामागें दुष्काळ नव्हता, एक विचार होता. भोपाळचें भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजीं उघडलें. त्यांतील ‘रूपंकर’ ह्या कलासंग्रहाचे प्रमुख जगदीश स्वामीनाथन हे स्वतः नामांकित चित्रकार. त्यांचें म्हणणें असें कीं आदिवासी चित्रकार हा आपल्या भूतकाळाचा अवशेष नव्हे. तो ह्याच घटकेस जगत आहे, म्हणून तोही समकालीनच. दिल्ली-मुंबईचा चित्रकार आणि बस्तरचा कारागीर ह्यांना त्यांनीं एकाच छपराखालीं, सारख्याच मानानें जागा दिली. आज हें सोपें वाटतें. त्या वेळीं आदिवासींच्या वस्तु मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत जात, आणि तेथें जमातीचें नांव ठळक असे, करणाऱ्याचें क्वचित्.

संग्रहासाठीं स्वामीनाथन ह्यांनीं तरुण कलाविद्यार्थ्यांच्या तुकड्या खेडोपाडीं पाठविल्या. त्यांतील एका तुकडीला १९८१ सालीं पाटणगढ ह्या गांवीं एका झोंपडीच्या भिंतीवर हनुमानाचें चित्र दिसलें. योगायोग असा कीं ह्याच पाटणगढांत व्हेरियर एल्विन कांहीं वर्षें राहिले होते. १९२७ सालीं पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत आलेला हा इंग्रज पाद्री पुढें गोंडांमध्येंच रमला, आणि मध्य हिंदुस्थानच्या आदिवासी कलेवर त्यानें १९५१ सालीं मोठा ग्रंथही प्रसिद्ध केला. हनुमानाचें चित्र काढणारा पोरगा विशीच्या आंतबाहेरचा होता. नांव जनगढ सिंह श्याम. जनगणनेच्या दिवसांत जन्मला म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात.

जनगढ जातीनें परधान. परधान हे गोंडांचे भाट. बाना नांवाचें तंतुवाद्य वाजवून बडा देवाला जागें करावयाचें, यजमानांच्या वंशावळी व पूर्वजांच्या कथा गावयाच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. यजमानांची सत्ता गेली तसतसा तो बसत गेला, आणि परधान मोलमजुरीला लागले. तेव्हां ह्या लोकांचें मूळ माध्यम चित्र नव्हे, गाणें होय. घराच्या भिंतीवर मातीचे उठाव आणि रंगीत आकृति असत; पण जे देव गाण्यांत येत ते चित्रांत बहुधा नव्हतेच. जनगढ भोपाळला आला, त्याच्या हातीं तयार रंग, कागद, शाई, पुढें रेशमी जाळीवरून छापण्याचें तंत्र आलें, आणि त्यानें त्या देवांना रूप दिलें. बडा देव, ठाकुर देव, मऱ्ही देवी ह्यांच्या आकृति त्याला कोणाच्या भिंतीवरून उतरून घ्यावयाच्या नव्हत्या. त्या त्यानें गाण्यांतून पाहिल्या. ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या लहरींनीं भरलेलीं तीं जनावरें, झाडासारखीं शिंगें फुटलेलीं तीं हरणें पाहिलीं म्हणजे त्या ठिपक्यांत बान्याचा ठेका आहे असें वाटतें. म्हणून ह्या कलेला ‘परंपरागत गोंड चित्रकला’ म्हणणें मला बरोबर वाटत नाहीं. परंपरा गाण्याची, चित्रकला एका माणसाची. हिंदींतील लेखक उदयन वाजपेयी ह्यांनीं तिला ‘जनगढ कलम’ असें नांव सुचविलें, तें सर्वस्वीं योग्य आहे.

१९८९ सालीं पॅरिसमध्यें एक मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत शंभरावर कलावंत होते, आणि त्यांपैकीं निम्मे युरोप-अमेरिकेबाहेरचे. प्रत्येक कृतीखालीं जिवंत माणसाचें नांव असावें, असा संयोजकांचा कटाक्ष होता. जनगढ, मिथिलेच्या बौआ देवी आणि आपले जिव्या सोमा म्हसे हे तिघेही तेथें होते. ज्या पॅरिसशीं आर्चरनें मिथिलेच्या भिंतीची तुलना केली होती, तेथें त्या भिंतीच्या वारसदार स्वतः जाऊन पोंचल्या. प्रदर्शनाचें नांव मात्र ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाचें होतें. आणि जादू ही दुसऱ्याच्या गांवींच राहते ही समजूत त्या नांवांत थोडीफार शिल्लक होती, ही टीका त्या वेळींही झाली.

जनगढनें पुढें भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंती रंगविल्या. पाटणगढहून भाऊबंद, भाचेपुतणे त्याच्या घरीं येऊन राहूं लागले, त्याच्या चित्रांत रंग भरतां भरतां स्वतः चित्रकार झाले. हें जुनें भाटाचें घरच पुन्हां उभें राहिलें म्हणा. आणि जुलै २००१ मध्यें जपानांतील निइगाता प्रांतांत, मिथिला संग्रहालयांत काम करीत असतां, त्यानें आत्महत्या केली. तो अद्याप चाळिशींत होता वा नव्हता. ह्या मृत्यूवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि कारणांचा तर्क करणाऱ्यांत मी भर घालीत नाहीं. एवढेंच लक्ष्यांत येतें कीं, पाटणगढच्या भिंतीवर चित्र काढणारा घरापासून दूर एकटा बसून काढीत नसे. शोध लागलेल्या माणसाला लांबचीं बोलावणीं येतात. तेथें तो एकटा जातो.

त्याच्या मागें राहिलेल्या मंडळींपैकीं दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम ह्या पतिपत्नींनीं २०११ सालीं ‘भीमायन’ हें चित्रमय पुस्तक केलें. दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनानें तें काढलें. विषय डॉ. आंबेडकरांचें चरित्र : साताऱ्याच्या शाळेंतलें न मिळालेलें पाणी, बडोद्यांत न मिळालेला निवारा, महाडचें चवदार तळें. अशा पुस्तकांत पानाचे चौकोनी खण पाडण्याची जी रीत आहे ती व्याम दांपत्यानें मानली नाहीं. चौकोनांत कोंडलें तर आमचीं माणसें गुदमरतील, असें त्यांचें म्हणणें पडलें. खणांच्या जागीं त्यांनीं ‘दिगना’ घातला. गोंडांच्या घरांत भिंतींवर आणि जमिनीवर शेणामातीनें काढतात ती ही नक्षी, आणि ती पानावरून वळणें घेत जाते. जीं माणसें मायेनें बोलतात त्यांच्या शब्दांभोंवतीं त्यांनीं पक्ष्याचा आकार काढला आहे. आणि ज्यांच्या बोलण्यांत विष, त्यांच्या शब्दांना विंचवाची नांगी.